वृषणवेदना, दीर्घकालीन

एका किंवा दोन्ही वृषणांत सतत वा अधूनमधून होणारी, तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी वेदना. संकोचामुळे पुष्कळ पुरुष हे दुखणे घरातही सांगत नाहीत. कारणे मात्र बहुधा साधी व बरी होणारी असतात.

स्थानिक कारणे : वृषणामागील अधिवृषण या वेटोळ्या नलिकेचा दाह हे नेहमीचे कारण. तरुणांत तो बहुधा लैंगिक संसर्गाने, उतारवयात मूत्रमार्गातील जंतूंमुळे होतो. औषधांनी हटत नसल्यास क्षयाचीही शंका घेतात. व्हेरिकोसीलमध्ये वृषणाच्या नीला फुगतात. सुमारे १५ टक्के पुरुषांत आढळणारा हा विकार बहुतेकदा डावीकडे असतो, कारण डावी नीला लांब असून मूत्रपिंडाच्या नीलेला काटकोनात मिळते. दिवसभर उभे राहिल्यावर ठणका वाढतो, आडवे होताच ओसरतो. बोटांना जणू गांडुळांचा गुंता लागतो. अंडवृद्धीत पाणी साचून ओढ लागते. गडचिरोली, चंद्रपूर या भागांत तिच्यामागे हत्तीरोग असू शकतो. वृषणाच्या कर्करोगाची गाठ बहुधा दुखत नाही. म्हणून न दुखणारी कठीण गाठही दाखवावीच.

दूरची कारणे : गर्भावस्थेत वृषणे मूत्रपिंडांजवळ तयार होतात आणि खाली उतरताना आपल्या चेतातंतू सोबत आणतात. त्यामुळे मूत्रवाहिनीत अडकलेल्या मुतखड्याची कळ थेट वृषणात उठते. जांघेतील हर्निया, त्याच्या शस्त्रक्रियेत दुखावलेली चेता, पुरःस्थ ग्रंथीचा दाह व मणक्याचे विकार यांनीही तेथे दुखते. नसबंदीनंतर १ ते २ टक्के पुरुषांत त्रासदायक वेदना रेंगाळते.

निदान व उपचार : डॉक्टर रुग्णाला उभे करून व झोपवून तपासतात, खोकायला सांगतात, लघवीची तपासणी आणि डॉप्लर सोनोग्राफी करतात. कारणानुसार प्रतिजैविके, दाहशामक औषधे, आधार देणारा लंगोट वा शस्त्रक्रिया हे उपाय आहेत. अनेकदा कारण सापडत नाही, तरी वेदना खरीच असते. अशा वेळी चेतावेदनेची औषधे देतात किंवा वृषण जिला टांगलेले असते त्या वृषणरज्जूत भूल देऊन पाहतात. तिने आराम पडल्यास त्यातील चेतातंतू सूक्ष्मशस्त्रक्रियेने तोडता येतात.

तातडी : अचानक असह्य कळ, मळमळ आणि वर ओढले गेलेले वृषण ही पीळ पडल्याची लक्षणे होत. अधूनमधून पडून आपोआप सुटणारा पीळही वारंवार दुखण्यामागे असू शकतो. पीळ सुमारे सहा तासांत सोडवला, तर वृषण बहुधा वाचते. त्यामुळे अशी कळ आल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.