कार्बन तंतूंवरील प्लाझ्मा प्रक्रिया

विमानाचे पंख, पवनचक्कीची पाती, शर्यतीच्या मोटारींचे सांगाडे यांसाठी कार्बन तंतू वापरले जातात. पोलादाच्या तुलनेत ते पुष्कळ हलके असून वजनाच्या मानाने त्यांचे ताणबल कितीतरी अधिक असते. हे तंतू इपॉक्सीसारख्या राळेत बसवून संमिश्र पदार्थ, म्हणजेच कंपोझिट तयार करतात. त्यावर पडणारा भार राळेमार्फत तंतूंपर्यंत पोहोचतो. दोहोंमधील बंध कच्चा असेल, तर तंतू राळेतून सुटतात, थर विलग होतात आणि तंतूंची ताकद वाया जाते.

बहुतेक कार्बन तंतू पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइल या बहुवारिकापासून बनतात. त्याचे धागे प्रथम हवेत तापवून स्थिर करतात व नंतर निष्क्रिय वायूत १००० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापवतात. त्यामुळे मुख्यत्वे कार्बनच शिल्लक राहतो. सुमारे ५ ते ७ मायक्रॉन जाडीच्या या तंतूचा पृष्ठभाग रासायनिकदृष्ट्या उदासीन असल्याने राळ त्याला घट्ट धरत नाही.

यावर कारखान्यांतील रूढ उपाय म्हणजे विद्युत-रासायनिक ऑक्सिडीकरण. त्यात तंतू द्रावणातून नेल्यावर धुवावे आणि वाळवावे लागतात. सांडपाण्याची विल्हेवाटही लावावी लागते. प्लाझ्मा प्रक्रिया मात्र कोरडी असते. वायूला विद्युत ऊर्जा दिली, की इलेक्ट्रॉन व आयन मोकळे होतात. या अवस्थेला १९२८ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ आयर्विंग लँगम्यूर यांनी ‘प्लाझ्मा’ हे नाव दिले. शीत प्लाझ्मात इलेक्ट्रॉन अतिशय ऊर्जावान असले, तरी वायू फारसा तापत नाही.

ऑक्सिजनच्या प्लाझ्मातून तंतू नेल्यास पृष्ठभागावरील सैल थर निघून जातो आणि तेथे हायड्रॉक्सिल, कार्बॉक्सिल असे क्रियाशील गट जोडले जातात. परिणामी राळ तंतूवर नीट पसरते व त्याला घट्ट बिलगते. हा बदल वरच्या काही नॅनोमीटरपुरताच असल्याने तंतूचा गाभा अबाधित राहतो.

मात्र येथे प्रमाणाला महत्त्व आहे. प्रक्रिया लांबली, तर पृष्ठभागावर खळगे पडून ताणबल घटते. बंध गरजेपेक्षा घट्ट झाला, तर तडा तंतूपाशी न वळता आरपार जातो आणि पदार्थ ठिसूळ बनतो. शिवाय मिळालेली क्रियाशीलता कालांतराने ओसरते. म्हणून प्रक्रियेनंतर तंतूंवर लवकरच संरक्षक लेप देणे हितावह ठरते. निर्वात कक्षाचा खर्च टाळण्यासाठी वातावरणीय दाबावर चालणारी प्लाझ्मा उपकरणेही विकसित झाली आहेत.