किकवर सुरू होणाऱ्या जीपची कुळकथा

देवराष्ट्रे हे सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातलं गाव, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. डिसेंबर २०२१ मध्ये ते देशभर पोचलं एका छोट्या जीपमुळे. दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले सुटे भाग जोडून मुलाच्या हौसेखातर ती तयार केली होती. खर्च साठ हजारांच्या घरात, आणि सुरू करायची तर दुचाकीसारखी किक मारायची. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचा व्हिडिओ पाहिला आणि बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाच्या दारात बोलेरो आली.

लोकांनी याला जुगाड म्हटलं. मला तो शब्द अपुरा वाटतो, कारण या गाडीला कुळी आहे आणि ती याच मातीतली आहे.

देवराष्ट्र्यापासून थोड्याच अंतरावर कुंडल. तिथल्या माळावर औंध संस्थानच्या आश्रयानं लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये नांगरांचा कारखाना उभा केला. लोखंडी नांगरानं जमीन नासते, असं सुरुवातीला शेतकरी म्हणत; नांगर विकले जाईनात. पुढे ते घरोघरी गेले आणि त्यांच्याबरोबर नट-बोल्ट, पाना, बदलता येणारा फाळ या गोष्टीही गेल्या. तिकडे सातारा रोड या गावी धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात नांगर होत होतेच. १९३०च्या दशकात तिथे डिझेल इंजिनंही होऊ लागली. विहिरीवर इंजिन बसलं की ते बिघडणार, आणि ऐन पाणीपाळीला बिघडलं तर कंपनीच्या माणसाची वाट बघत बसायला सवड कुणाला? मग पिस्टन, रिंगा, बेअरिंग, नोझल यांत गावच्या लोहाराचा आणि फिटरचा हात बसला. सत्तरच्या दशकात साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्स आली, तिथून ‘प्रिया’ रस्त्यावर उतरली आणि छोट्या इंजिनाची माहिती गल्लोगल्ली झाली. बैलगाडीची धाव चढवणाऱ्या घरातला पोरगा वेल्डिंगचं होल्डर हातात धरतो, ते या सगळ्यानंतर.

आता जीपच का? अमेरिकेत १९४१ पासून सैन्यासाठी विलिस एमबी बनली, तीच मुळात रानात दुरुस्त करता यावी अशी. सरळ शिडीसारखी चासी, त्यावर वेगळी बसवलेली बॉडी, पुढं-मागं पाटे. पत्रा जवळजवळ सगळा सपाट. फियाटचं गोलसर मडगार्ड ठोकून आकाराला आणायचं तर डेंटरचा हात तयार लागतो. जीपचं मडगार्ड मात्र ग्रिल आणि गेट करणारा फॅब्रिकेशनवालाही वाकवून देतो. महिंद्रा कंपनीनं १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिसची जुळणी सुरू केली आणि पुढची कित्येक दशकं तो साचा फारसा हलला नाही. एका जीपचा भाग दुसरीला बसतो, पेट्रोलच्या जागी डिझेल इंजिन बसतं, हे मेकॅनिकांना तिथूनच ठाऊक झालं. हरियाणात मंडी डबवालीला तर जुन्या जीपा नव्यानं बांधून देण्याची अख्खी बाजारपेठ उभी राहिली.

जुनी जीप घेणारा हौशी माणूस आधी रंग बघतो. जाणकार मिस्त्री मॅट उचलतो, फ्लोअरचा पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं टोचून बघतो. टोक आत गेलं तर तिथं पत्रा कापूनच बदलायचा. वरून पुटी भरून पॉलिश पेपर मारला तर पुढच्या पावसाळ्यात फुगवटा येतो. मग चासीवरचा नंबर वायर ब्रशनं घासून, आरसी बुकाशी ताडून घेतो. मला हे दुसरं काम पहिल्याइतकंच मोलाचं वाटतं.

कारण कायदा इथं कडक आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. जुलै २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी आहे. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल नको. म्हणजे आजोबांची जीप जशीच्या तशी जपणाऱ्याला वाट आहे. नवं काही बांधणाऱ्याला मात्र नाही.

आनंद महिंद्रांनी लोहारांची गाडी मागितली तीही हेच सांगून: नियमांत बसत नसल्यामुळे आज ना उद्या ती रस्त्यावरून थांबवली जाईल. सुरक्षेचा मुद्दा मला मान्य आहे. ब्रेक, दिवे, स्टिअरिंग यांची तपासणी झालीच पाहिजे, रस्ता सगळ्यांचा असतो. पण अशी एकेकटी, हातानं बांधलेली गाडी आरटीओत नेऊन तपासून घेता येईल, कमी वेगाची आणि ठरावीक हद्दीची परवानगी मिळेल, अशी एखादी खिडकी हवी. ब्रिटनमध्ये हौशी लोकांनी बांधलेल्या गाड्यांची एकेक करून तपासणी होते आणि पास झाली की नोंदणी मिळते. कुंडल-सातारा रोडच्या पट्ट्यात शंभर वर्षं लोखंड हाताळणाऱ्या माणसांना तेवढी संधी द्यायला काय हरकत आहे?