मेढेकोटाचे रान

रेवदंड्याची खाडी ओलांडून मुरूडकडे निघालेल्या प्रवाशाच्या उजव्या हाताला अरबी समुद्र आणि डाव्या हाताला दाट झाडीने झाकलेली डोंगरांची रांग, अशी जोड कित्येक कोस सुटत नाही. परंतु काशीद आणि नांदगाव मागे टाकून तो राजपुरीच्या खाडीमुखाशी आला आणि पाण्यातून वर आलेला जंजिऱ्याचा तट त्याच्या दृष्टीस पडला, की त्या डोंगरांचे त्याला विस्मरण होते. मीही पहिल्या दोन खेपांना असाच किल्ला पाहून परतलो. तिसऱ्या खेपेला मात्र किल्ल्याकडे पाठ करून सुपेगावच्या बाजूने फणसाडच्या अरण्यात शिरलो, आणि ज्या इतिहासाचा अर्धा भाग मी समुद्रात पाहिला होता त्याचा उरलेला अर्धा भाग या झाडीत उभा आहे, हे मला तेथे उमगले.

जंजिरा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दगड येतो. पण या बेटावरचा पहिला कोट लाकडाचा होता. चाचेगिरीला त्रासलेल्या राजपुरीच्या कोळ्यांनी मोठमोठे ओंडके एकाशेजारी एक रोवून येथे मेढेकोट उभारला होता, आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस त्यांचा नायक राम पाटील असताना निजामशाहीच्या पिरमखानाने तो कपटाने घेतला. त्या लाकडी कोटाच्या जागी आजचा पाषाणाचा दुर्ग 1567 ते 1571 या काळात बांधला गेला. कोळ्यांच्या त्या कोटाचा एकही मेढा आज उरलेला नाही. परंतु बेटावर अरण्य नव्हते. तेव्हा ते ओंडके किनाऱ्यावरच्या कोणत्या तरी डोंगरावर वाढले, तोडले गेले आणि पाण्यावाटे बेटावर आले असले पाहिजेत. दुर्गाचा जन्म असा रानाच्या पोटी झाला.

पुढे या दर्यावर ज्यांनी ज्यांनी सत्ता गाजविली त्या सर्वांना रानाची हीच गरज भासली. जंजिऱ्याचा धनी सिद्दी आधी आदिलशाहीचा आणि मग मोगलांचा दर्यावर्दी सरदार झाला. 1657 साली कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी आरमाराची उभारणी आरंभिली आणि जंजिऱ्यासमोर कांसा बेटावर पद्मदुर्ग वसविला. उत्तरेस कुलाब्याला कान्होजी आंग्र्यांचे ठाणे होते. गलबते, गुराबा, शिबाडे, मचवे ही सारी लाकडाचीच. सोट, डोलकाठ्या आणि फळ्या यांवाचून आरमार ही केवळ कागदावरची गोष्ट. त्या काळच्या राज्यकर्त्यांना याची किती जाण होती, हे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दिसते. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या या ग्रंथात सागवानासारखे लाकूड हुजूरच्या परवानगीनेच तोडावे असा दंडक आहे. आंबा आणि फणस यांचे लाकूड आरमारास उपयोगी असले तरी त्यांना हात लावू नये, कारण रयतेने ती झाडे दीर्घकाळ लेकरांप्रमाणे जतन केलेली असतात आणि ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही, असेही अमात्य सांगतात. एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन मगच तोडावे, अशी त्यांची आज्ञा. आरमाराच्या प्रकरणात, लढाईच्या सामग्रीचा विचार चालू असताना, झाडासाठी आणि झाडाच्या धन्यासाठी एवढा कळवळा दाखविणारे ते अंतःकरण मला कोणत्याही तटबंदीहून थोर वाटते.

आरमारे संपली, पण कुऱ्हाड थांबली नाही. इंग्रजी अंमलात मुंबई वाढू लागली, तिच्या चुली आणि भट्ट्या वाढल्या, आणि कोकणपट्टीच्या लहान लहान बंदरांतून लाकूडफाटा व कोळसा भरलेले पडाव तिच्या दिशेने जाऊ लागले. कुलाबा जिल्ह्यात कोळसा पाडण्याचे काम कातकऱ्यांच्या माथी आले; सावकाराची उचल घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे हंगामभर रानात भट्ट्या लावीत, आणि त्यांच्या श्रमाचा नफा मात्र दुसऱ्यांच्या पदरात पडे. ज्यांचा संसार रानावर, त्यांच्याच हातून रान जाळविले गेले, हा या किनाऱ्याच्या इतिहासातील मोठा दुःखद विपर्यास आहे.

अशा काळात फणसाड वाचले कसे? जंजिरा संस्थानच्या नवाबांनी हे रान आपल्या शिकारीसाठी राखले होते, हे त्याचे कारण. सुमारे सव्वातीनशे चौरस मैलांच्या त्या मुलखात नवाबाच्या मृगयेची जागा म्हणजे इतरांना मनाई, आणि त्या मनाईच्या छत्राखाली ऐन, किंजळ, साग, अंजनी निर्वेध वाढत राहिले. यात पुण्यबुद्धी होती असे मी म्हणत नाही. एका माणसाच्या छंदासाठी रयतेचा हक्क आवळला गेला, ही गोष्ट लपविण्यात अर्थ नाही; पण त्या छंदाचे फळ म्हणून आज आपल्या हाती एक अरण्य आहे, हेही तितकेच खरे. 1948 साली संस्थान विलीन झाले आणि 1986 साली शासनाने या रानाला अभयारण्याचा दर्जा दिला. जे रान मारण्यासाठी राखले होते, ते आता जगविण्यासाठी राखले जाऊ लागले.

आज मुरूड आणि रोहा या तालुक्यांत मिळून सुमारे 54 चौरस किलोमीटरांवर पसरलेल्या या अरण्यात चालताना प्रथम जाणवतो तो अंधार. भर दुपारी पायवाटेवर ऊन कवडशांपुरतेच उतरते. माणसाच्या मांडीएवढ्या जाडीची गारंबीची वेल या झाडावरून त्या झाडावर गेलेली असते, आणि माथ्यावरून लांब शेपटीचे, तांबूस अंगाचे शेकरू फांद्यांतून झेप घेते. येथल्या पाणवठ्यांना गाण म्हणतात. फणसाडची गाण, चिखलगाण ही नावे येथल्या माणसांच्या तोंडी आहेत. उन्हाळ्यात सांबर, भेकर आणि रानडुक्कर याच पाण्यावर येतात, आणि त्यांच्या मागावर बिबट्या येतो. अशा एका पाण्यापाशी मी बराच वेळ बसलो. समुद्र इतका जवळ असून त्याची गाज तेथे ऐकू आली नाही. डोंगराने समुद्र आणि अरण्य यांच्यात जणू सीमा आखून दिली होती. तरीही पाऊस आणणारे वारे त्या समुद्रावरूनच येतात, आणि ते पाणी झाडीच्या मुळांशी अडून राहते म्हणूनच ही गाण उन्हाळ्यात माणसाला आणि जनावराला दिसते.

जंजिऱ्याचा तट पाहायला दरवर्षी असंख्य लोक येतात आणि ते यावेतच. परंतु त्यांपैकी प्रत्येकाने एक दिवस या रानासाठी काढून ठेवावा, अशी माझी विनंती आहे. लाकडी कोट गेला तेव्हा चार वर्षांत दगडी कोट उभा राहिला. रान गेले तर ते कोणत्याही सत्तेला चार वर्षांत उभारता येणार नाही. हुजुराने राखले म्हणून ते आपल्यापर्यंत आले. आता हुजूर नाही, आणि ते राखण्याचे काम रयतेचे, म्हणजे तुमचे-माझे आहे.