दह्याचं म्हातारपण, दुधाचं बाळपण

मंडळी, दह्याची महती निघाली की मेचनिकॉफचं नाव येतंच. 1904 साली पॅरिसमध्ये त्याने वार्धक्यावर जाहीर व्याख्यान दिलं. मोठ्या आतड्यात अन्न कुजतं, त्या विषाने माणूस म्हातारा होतो, आंबवलेल्या दुधातले जिवाणू ते कुजणं रोखतात, असा त्याचा सिद्धांत. दाखला बल्गेरियातल्या दीर्घायुषी शेतकऱ्यांचा. आम्ही जन्मभर तर्कशास्त्र शिकवलं, म्हणून सांगतो: ते दही खात होते आणि खूप जगत होते, एवढ्यावरून दह्यामुळे जगत होते असं ठरत नाही. मेचनिकॉफ स्वतः आंबट दूध पीत असे. 1916 मध्ये 71व्या वर्षी गेला. अर्थात, एका माणसाच्या मरणाने सिद्धांतही खोडला जात नाही, बरं का.

आमच्या मते महत्त्वाचं काम त्याच पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आधीच झालं होतं. आंरी तिसिए या बालरोगतज्ज्ञाने 1899 मध्ये अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीमधून वाय अक्षरासारखा फाटा फुटलेला जिवाणू वेगळा केला. आज आपण त्याला बायफिडोबॅक्टेरियम म्हणतो. अंगावर पिणाऱ्या बाळांत त्याचंच राज्य; बाटलीच्या दुधावरच्या बाळांत तसं नव्हतं. जुलाब झालेल्या बाळांना तोच द्यावा, असं तिसिएने सुचवलं.

का बरं असं? आईच्या दुधात अशा काही शर्करा असतात की ज्या बाळाला पचतच नाहीत! त्या या जिवाणूंचं अन्न. म्हणजे आई एका वेळी दोघांना पाजत असते. ‘माझं शरीर’ म्हणजे नक्की कोणाचं, हा आमच्या विषयातला जुना प्रश्न इथे पाळण्यातच उभा राहतो.

आता ओडिशा. तिथल्या 149 गावांतल्या साडेचार हजारांवर नवजात बाळांवर झालेली चाचणी 2017 मध्ये ‘नेचर’मध्ये आली. निम्म्या बाळांना सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लँटारम आणि त्याला लागणारी शर्करा, उरलेल्यांना नुसती दिसायला तशीच पूड. सेप्सिस किंवा मृत्यूचं प्रमाण 9 टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर आलं. पण ही बाळं पुऱ्या वा जवळपास पुऱ्या दिवसांची, अंगावर पिणारी, किमान दोन किलोंची होती. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं वेगळं: 2023 मध्ये असं एक बाळ दगावल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला. तेव्हा आजी-आजोबांनी दुकानातून पुडी आणण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

आणि जन्मभराचं आरोग्य? ओडिशातल्या बाळांवर देखरेख होती साठ दिवसांची.