उद्याचा रोखा

अब्बा गेले, त्यानंतर नऊ वर्षं शिरूर तालुक्यातल्या आमच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर त्यांचंच नाव होतं. वारस नोंदीसाठी लागणारा मृत्यूचा दाखला, आठ-अ, प्रतिज्ञापत्राचा कागद, सगळं एका पिशवीत भरून मी दौंडच्या घरी खुंटीला टांगून ठेवलं होतं. पिशवी रोज दिसायची. तिच्यावर मी एक कविताही केली. अर्ज तेवढा केला नाही. शिरूरला राहणारी माझी आपा म्हणायची, "उद्या करतो म्हणतोस, पण तुझा उद्या कुठल्या साली उजाडतो ते सांग."

लोक मला आळशी म्हणत. मीही तेच म्हणत होतो. पन्नाशी उलटल्यावर पुण्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी तासभर खोदून खोदून विचारलं. शाळेत काय व्हायचं, वस्तू कुठे हरवायच्या, सुरू केलेली कामं कुठे अडायची. मग नाव सांगितलं, एडीएचडी. म्हणजे लक्ष हवं तिथे नेता न येणं, आणि काम समोर दिसत असूनही त्याला हात न घालता येणं.

हे काही आजचं खूळ नाही. स्कॉटिश डॉक्टर अलेक्झांडर क्राइटन यांनी १७९८ सालीच न टिकणाऱ्या अवधानाबद्दल लिहून ठेवलंय. १९०२ मध्ये जॉर्ज स्टिल यांनी लंडनमधल्या व्याख्यानांत अशा मुलांचं वर्णन केलं. बुद्धी शाबूत, पण आवर नाही. त्याला त्यांनी नैतिक संयमातला दोष म्हटलं. तो 'नैतिक' शब्द किती मुलांच्या पाठीवर छडीसारखा बसला असेल! 'अवधान' हा शब्द अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या सूचीत या विकाराच्या नावात आला तो १९८० साली. मोठ्या माणसांतही हे उरतं, हे सर्वमान्य व्हायला आणखी वेळ लागला.

दौंडला परतताना गाडीत मला आठवला तो मात्र आमच्याच मुलखाचा इतिहास. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावानं सावकारांवर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात दंगल उसळली. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात, आणि आमचं दौंडही त्यातच. (भीमथडीची तट्टं प्रसिद्ध होती. माझं मन त्याच अवलादीचं असावं. पळतं छान, पण नेऊ तिकडे जात नाही.) दंगलकऱ्यांना माणसांचे जीव नको होते, कर्जरोखे हवे होते. ते हिसकून त्यांनी जाळले.

कुणब्याला कर्ज का होतं? तर तो लग्नात उधळतो, त्याला उद्याची फिकीर नाही, असं सांगितलं जाई. सरकारनं नेमलेल्या आयोगानं तपास केला आणि लग्नखर्चाला नको इतकं महत्त्व दिलं गेलंय, असं नोंदवलं. खरी गोम वेगळीच निघाली. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपल्यावर कापसाचा भाव कोसळला, आणि त्यानंतर सारा वाढला. त्यात १८५९ चा मुदतीचा कायदा. साध्या रोख्यावरचा दावा तीन वर्षांत लावायचा, असा तो नियम. केला होता ऋणकोच्या सोयीसाठी. झालं असं, की मुदत भरत आली की सावकार नवा रोखा लिहून घेई. व्याज मुद्दलात मिळे आणि त्यावर पुन्हा व्याज. १८७९ च्या कायद्यानं कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन सगळा व्यवहार मुळापासून तपासायची मुभा दिली.

त्या शेतकऱ्यांना माझा विकार होता, असं मला म्हणायचं नाही. त्यांची ओढाताण पोटाची होती, माझी पिशवीची. पण टाळलेल्या कामाचाही रोखा होतो. पहिल्या महिन्यात नुसता अर्ज होता. नवव्या वर्षी त्यावर शरम चढली, आपाची नाराजी चढली, आणि 'इतके दिवस काय करत होता?' या प्रश्नाची भीती चढली. मूळ अर्ज एका पानाचाच होता. डॉक्टरीणबाईंनी माझ्या रोख्याच्या मागे जाऊन पाहिलं, एवढंच.

औषध सुरू झालं, त्याचा उपयोगही झाला. पण पिशवी खुंटीवरून उतरली ती इर्जिकीमुळे. आपल्याकडे एखाद्याची नांगरट मागे पडली, की गावकरी आपापले बैल घेऊन त्याच्या रानात उतरत, एका दिवसात काम उरकत आणि संध्याकाळी त्याच्याकडे जेवून घरी जात. मागे का पडलास, याची चौकशी नांगर धरून करता येत नाही.

मी भाच्याला बोलावलं. "तू काही करू नकोस, नुसता समोर बस," म्हटलं. तो मोबाईल बघत बसला. मी पिशवी उतरवली आणि फक्त नावाची ओळ लिहिली. मग दुसरी. दीड तासात अर्ज पुरा झाला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तलाठ्याकडे गेलो. नोटिशीची मुदत संपून फेरफार मंजूर झाला, आपाचं आणि माझं नाव लागलं. 'इतके दिवस काय करत होता?' हे तिथे कोणीच विचारलं नाही.

मागच्या आठवड्यात त्याच भाच्याचा फोन आला. "मामू, लायसनच्या नूतनीकरणाचं दोन वर्षं राहिलंय. येऊन बसता का?"

मी शिरूरची एसटी पकडली. आपाला सांगितलं, जेवण तुझ्याकडे.