संगणकावलंबन (दैनंदिन व्यवहारातील)

रोजचे काम संगणक, मोबाईल फोन किंवा त्यांना जोडलेल्या यंत्राशिवाय पुरेच होऊ शकत नाही, अशी अवस्था. यंत्राचा नुसता वापर म्हणजे अवलंबन नव्हे. घरात मिक्सर असला, तरी पाटा-वरवंटा जागेवर असेल तर वीज गेल्याने चटणी अडत नाही. जुना मार्ग बंद होतो, तो चालवणारी माणसे निवृत्त होतात, त्याचे छापील नमुने मिळेनासे होतात आणि नियमही यंत्रातून जाणारा एकच रस्ता मानतो, तेव्हा अवलंबन सुरू होते. त्यामुळे माणूस दिवसातून किती तास फोन पाहतो, एवढ्यावर या विषयाची चर्चा थांबवणे अपुरे आहे. मशीन बंद असताना खिडकीपाशी उभ्या माणसाचे काम कोण करून देणार, हे पाहावे लागते.

भारतात संगणक प्रयोगशाळेतून कचेरीत आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला ‘टिफ्रॅक’ 1960 मध्ये चालू झाला. त्याच दशकात आयुर्विमा महामंडळाने कलकत्त्यात संगणक बसवायचे ठरवले, तेव्हा कर्मचारी संघटनांनी मोठा लढा दिला. स्वयंचलनाचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर होते, तिचा अहवाल 1972 चा. बँकांच्या यंत्रीकरणाला 1984 च्या रंगराजन समितीच्या अहवालाने दिशा दिली. रेल्वेचे संगणकीय आरक्षण 1986 मध्ये दिल्लीत सुरू झाले. त्याआधी गाडीगणिक वेगळे रजिस्टर आणि बहुधा वेगळी खिडकी असे. 2002 पासून तिकीट घरबसल्या काढता येऊ लागले. महाराष्ट्रात 2001 नंतर ‘एमएस-सीआयटी’चा अभ्यासक्रम तालुक्यातालुक्यांत पोचला आणि तो किंवा त्याच्या तोडीची परीक्षा ही सरकारी नोकरीची अट बनली.

या सगळ्या काळात वादाचा रोख नोकऱ्यांवर होता, आणि ती भीती खोटी नव्हती. खिडकीबाहेरच्या माणसाचा प्रश्न टोकदार झाला तो 2010 नंतर, संगणक कचेरीतून बाहेर पडून रास्त भाव दुकानात, शेताच्या बांधावर आणि अंगणवाडीत पोचला तेव्हा.

मोठ्या व्यवस्था कोलमडतात तेव्हा अवलंबनाची खोली मोजता येते. 27 जून 2017 रोजी ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्राम युक्रेनमधील एका करविषयक सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून जगभर पसरला. त्याचा फटका न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील गेटवे टर्मिनल्स इंडिया या धक्क्यालाही बसला, कारण तो मर्स्क या जहाजवाहतूक समूहाकडून चालवला जात होता. क्रेन शाबूत होत्या, माणसे हजर होती. कोणता कंटेनर कोणत्या रांगेत, कितव्या थरावर आणि कोणत्या जहाजाचा, हे फक्त संगणकाला ठाऊक होते. मर्स्कला दहा दिवसांत सुमारे 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने उभे करावे लागले. कंपनीच्या जाळ्याची मूळ नोंद जगभरातल्या सर्व प्रतींतून पुसली गेली होती. वाचली ती घानामधली एकच प्रत, आणि तीही हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेलेली असल्यामुळे.

19 जुलै 2024 ची घटना हल्ल्याची नव्हती. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीने पाठवलेल्या एका सदोष अपडेटमुळे जगातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतात तेव्हा सकाळचे पावणेदहा होत होते. चूक साधारण दीड तासात मागे घेण्यात आली, पण जे संगणक निळ्या पडद्यावर अडकले होते त्यांना दुरून हात लावता येत नव्हता. माणसाने प्रत्येक यंत्रापाशी जाऊन ते ‘सेफ मोड’मध्ये सुरू करायचे आणि ती एक फाईल काढून टाकायची, हाच उपाय होता. इंडिगोने त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले. समाजमाध्यमांवर त्या कागदांची छायाचित्रे गमतीने फिरली, पण खरे तर तो कौतुकाचा विषय होता: कोरे पास शिल्लक होते, हाताने भरलेला पास दारावर स्वीकारला जात होता, आणि म्हणून काही विमाने उडाली. भारतीय बँकांना फारशी झळ बसली नाही. रिझर्व्ह बँकेने दहा बँका व वित्तसंस्थांमध्ये किरकोळ अडचणी आल्याचे सांगितले. बहुतेक बँकांच्या मुख्य प्रणाली क्लाउडवर नव्हत्या आणि ते सॉफ्टवेअर वापरणाऱ्या बँका मोजक्याच होत्या. त्यानंतर दोनच आठवड्यांत, 31 जुलैला, सी-एज या तंत्रसेवा कंपनीवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला आणि सुमारे 300 छोट्या सहकारी व ग्रामीण बँकांचे किरकोळ देयक व्यवहार थांबले. बँका वेगळ्या, पाट्या वेगळ्या, पण मागचा सेवा पुरवणारा एकच, हे त्यांच्या खातेदारांना त्या दिवशी कळले.

यंत्र बंद पडले तर निदान ते दिसते. चालू राहून चुकले, तर सहज लक्षात येत नाही. ब्रिटनच्या पोस्टाने 1999 पासून बसवलेल्या ‘होरायझन’ या हिशेब-प्रणालीत दोष होते आणि गावोगावच्या उप-पोस्टमास्तरांच्या खात्यांत नसलेली तूट दिसत असे. त्यांच्यापैकी 900 हून अधिक जण चोरी, अफरातफर किंवा खोट्या हिशेबाबद्दल दोषी ठरले. बहुतेक खटले खुद्द पोस्टानेच भरले होते. कित्येक तुरुंगात गेले, कित्येकांनी घरे विकून तूट भरली. त्यांत भारतीय वंशाचेही अनेक होते. संगणक नीट चालत होता असे न्यायालयाने गृहीत धरायचे आणि तसे नव्हते हे आरोपीने दाखवायचे, असा तिथला कायदा होता. या शिक्षा सरसकट रद्द करण्यासाठी संसदेला 2024 मध्ये वेगळा कायदा करावा लागला. ‘सिस्टीममध्ये असंच दिसतंय’ हे वाक्य कोणत्याही कचेरीत ऐकू आले की या प्रकरणाची आठवण व्हायला हवी.

स्मरणशक्तीवर होणाऱ्या परिणामांची चर्चा खूप होते, पण त्याबाबतचा पुरावा तितका पक्का नाही. माहिती संगणकात सुरक्षित आहे हे ठाऊक असले की माणूस ती कमी लक्षात ठेवतो, असा निष्कर्ष 2011 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मांडला गेला; 2018 मध्ये त्यातला एक प्रयोग पुन्हा करून पाहिला असता तोच निकाल मिळाला नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दीडकी तोंडपाठ असणारी पिढी गेली याची हळहळ समजण्यासारखी आहे, पण तिच्या जाण्याने कुणाचे रोजचे काम अडलेले नाही. अधिक मोलाचे निरीक्षण लिझान बेनब्रिज यांनी 1983 मध्ये नोंदवले: यंत्र सोपी कामे स्वतःकडे घेते, माणसाकडे फक्त बिघाडाची अवघड वेळ उरते, आणि त्या वेळेसाठी लागणारा सराव तर यंत्रानेच बंद केलेला असतो. नियंत्रण-कक्षातल्या अभियंत्यांसाठी लिहिलेले हे विवेचन आज तहसील कार्यालयाच्या सेतू केंद्रालाही लागू पडते.

महाराष्ट्रात सातबाऱ्याचा प्रवास यासाठी पाहण्यासारखा आहे. तलाठ्याच्या दप्तरातले हस्तलिखित उतारे संगणकात उतरवताना क्षेत्राचे आकडे, खातेदारांची नावे, इतर हक्कांतले बोजे यांत चुका शिरल्या. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 1 मे 2018 पासून मिळू लागला आणि तलाठ्याच्या सहीसाठीचे हेलपाटे वाचले, ही सोय फार मोठी आहे. मात्र चुकलेला आकडा दुरुस्त करायचा तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली अर्ज, तहसीलदाराचा आदेश आणि मग संगणकातला बदल, असा रस्ता चालावा लागतो. या बाबतीत 2017 ची चावडी वाचनाची मोहीम आठवावी अशी आहे. संगणकातला सातबारा गावासमोर मोठ्याने वाचून दाखवला गेला आणि खातेदारांकडून हरकती घेतल्या गेल्या. भाऊबंद, बांधकरी, कूळ हे सगळे एका जागी बसलेले असताना एकाचे क्षेत्र दुसऱ्याच्या नावावर गेलेले लपत नाही. संगणकीकरणातला हा सर्वांत शहाणा टप्पा संगणकाशिवायचा होता.

पिकाची नोंद 15 ऑगस्ट 2021 पासून शेतकऱ्यानेच ‘ई-पीक पाहणी’ ॲपवर करायची आहे. खाते निवडायचे, गट क्रमांक, पीक, क्षेत्र, सिंचनाचे साधन भरायचे आणि शेतात उभे राहून फोटो काढायचा. फोनला शेताची जागा कळली पाहिजे. ही नोंद गाव नमुना बारामध्ये जाते. पीकविमा, हमीभावाची खरेदी, अतिवृष्टीची मदत, सगळ्यांना तिचा आधार लागतो. तलाठी पूर्वी अनेकदा बांधावर न जाता पाहणी भरत, ही तक्रार जुनी आणि रास्त होती. शेतकऱ्याच्या हाती नोंद देण्यामागचा विचार चांगलाच आहे. पण मुदत संपत आली की राज्यभरचे फोन एकाच सर्व्हरवर तुटून पडतात, चक्र फिरत राहते आणि मुदतवाढ द्यावी लागते. ज्या घरातला स्मार्टफोन मुलाबरोबर पुण्याला गेलेला असतो, तिथे सोयाबीन उभे असूनही सातबाऱ्यावर ते नसते.

अंगणवाडी सेविकांनी या प्रश्नावर उघड भूमिका घेतली. 2021 मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ ॲपवर नोंदी सक्तीच्या झाल्या, तेव्हा मिळालेले फोन कमी क्षमतेचे आणि सतत बंद पडणारे होते, ॲपही इंग्रजीत होते. त्या वर्षी राज्यभर सेविकांनी हे फोन सरकारला परत केले. त्यांची मागणी काम टाळण्याची नव्हती. चालणारा फोन आणि मराठीतले ॲप एवढीच होती. 1 जुलै 2025 पासून घरी न्यायच्या आहारासाठी लाभार्थीचा चेहरा ॲपवर ओळखला जाणे सक्तीचे झाले आहे.

उलट दिशेचा एक प्रयत्नही नोंदवायला हवा. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 मध्ये ठराव करून रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवायचे ठरवले. टाळेबंदीतल्या ऑनलाइन शाळेनंतर मुलांच्या हातचा फोन सुटत नव्हता. सवयीवरचा हा उपाय गावाच्या हातातला होता. व्यवस्थेने घातलेली सक्ती मात्र गावाला भोंगा वाजवून थांबवता येत नाही.

ती सक्ती सर्वांत जास्त जाणवते शिधावाटपात. देशातला पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. पुढे रास्त भाव दुकानांत ई-पॉस मशीन आले. दुकानदार शिधापत्रिकेचा क्रमांक टाकतो, कुटुंबातली नावे पडद्यावर येतात, आलेल्या माणसाचे नाव निवडून त्याचा अंगठा घेतला जातो. अंगठ्याचा ठसा आधारच्या सर्व्हरवरच्या ठशाशी जुळला की पावती निघते आणि मग धान्य मापले जाते. अंत्योदय कुटुंबाचे महिन्याचे 35 किलो आणि प्राधान्य कुटुंबातल्या माणशी 5 किलो धान्य या एका जुळणीवर टांगलेले असते. मशीनने काळाबाजाराला आळा घातला, हे खरे आहे. दुसऱ्याच्या नावावर धान्य उचलणे अवघड झाले. पण ही जुळणी ज्यांच्यासाठी सर्वांत अवघड, तेच या धान्यावर सर्वांत जास्त विसंबून आहेत. ऊसतोडणी, चुना-सिमेंटचे काम, विड्या वळणे, भांडी घासणे यांत बोटांच्या रेषा झिजतात. म्हातारपणी त्या आपोआप पुसट होतात. मग दुकानदार बोट पुसायला सांगतो, दुसरे बोट लावून पाहतो, घरातल्या दुसऱ्या माणसाला आणायला सांगतो. डोंगरी पाड्यांवर मशीनला रेंज मिळत नाही, आणि रेंज असली तर सर्व्हर डाउन असतो. एका खेपेत काम झाले नाही की रोजंदारीवरच्या बाईचा दुसऱ्या दिवसाचाही खाडा होतो.

कायद्याने यावर उपाय सांगितलेला आहे. झारखंडमधील सिमडेगा जिल्ह्यात शिधापत्रिका आधारशी न जोडल्याने रद्द झालेल्या कुटुंबातली एक मुलगी सप्टेंबर 2017 मध्ये दगावली. कुटुंबाने भूक हे कारण सांगितले, सरकारने आजार. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये केंद्राने राज्यांना कळवले की आधार नाही किंवा अंगठा जुळत नाही म्हणून कोणालाही धान्य नाकारू नये, ओळखीचा दुसरा पुरावा घेऊन वेगळ्या वहीत नोंद करून धान्य द्यावे. 26 सप्टेंबर 2018 च्या आधार निकालातही ओळख न पटल्यामुळे लाभ बुडता कामा नये, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. मात्र दुकानदाराचा साठा आणि कमिशन दोन्ही मशीनमधल्या नोंदीवर ठरतात. वहीवर दिलेले धान्य मशीनमध्ये शिल्लकच दिसते आणि तो फरक पुढच्या महिन्याच्या नियतनातून कापला जाईल ही धास्ती त्याला असते. त्यामुळे वहीची तरतूद माहीत असलेला दुकानदारही बहुधा अंगठा पुन्हा लावायला सांगतो. वहीतली नोंद मशीनच्या साठ्यातून त्याच दिवशी वजा होण्याची सोय झाली, तर ही धास्ती उरणार नाही.