संवर्धित वास्तव : निसर्ग आणि वारशाच्या शिक्षणाचे नवे साधन, आशय टिकवण्याचे आव्हान कायम

गुरुग्राम : मोबाइलचा कॅमेरा पुस्तकातील चित्रावर रोखताच वर्गातील बाकावर सारस पक्षी उभा राहतो, किंवा रिकाम्या चौथऱ्यावर कधीकाळचा वाडा दिसू लागतो. ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ अर्थात संवर्धित वास्तवाच्या या तंत्राने निसर्ग आणि संस्कृतीचे शिक्षण देणारे सर्जनशील स्टुडिओ आता भारतातही संग्रहालये आणि शाळांसाठी काम करू लागले आहेत. मात्र, मुलांच्या माहितीची सुरक्षितता, उपकरणांची उपलब्धता आणि तयार झालेला आशय किती वर्षे टिकणार, या प्रश्नांवर या क्षेत्राची उपयुक्तता अवलंबून राहणार आहे.

तंत्र नेमके काय?

आभासी वास्तवात प्रेक्षक चष्मा लावून पूर्णपणे कृत्रिम जगात जातो. संवर्धित वास्तवात समोरचे खरे जग तसेच राहते आणि त्यावर संगणकीय प्रतिमेची भर पडते. संशोधक रोनाल्ड अझुमा यांनी १९९७ मध्ये या तंत्राचे तीन निकष मांडले : खऱ्या व आभासी घटकांचा मिलाफ, तत्क्षणी प्रतिसाद आणि त्रिमितीय अवकाशातील अचूक जुळणी. ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ हा शब्दप्रयोग १९९० च्या सुमारास बोइंग कंपनीतील टॉम कॉडेल यांनी रूढ केला. मस्तकावर बसवण्याचे पहिले प्रायोगिक उपकरण त्याआधीच, १९६८ मध्ये, आयव्हन सदरलँड यांनी तयार केले होते. सर्वसामान्यांपर्यंत हे तंत्र पोहोचले ते २०१६ मधील ‘पोकेमॉन गो’ या खेळामुळे. पुढे ॲपलचे ‘एआरकिट’ आणि गुगलचे ‘एआरकोअर’ उपलब्ध झाल्याने लहान स्टुडिओंनाही असे अनुभव तयार करणे शक्य झाले.

प्रतिमा जागेवर बसवण्याच्या तीन पद्धती प्रचलित आहेत. पहिलीत कॅमेरा छापील चित्र ओळखतो. दुसरीत जमीन किंवा टेबलाचा सपाट पृष्ठभाग शोधला जातो. त्यासाठी कॅमेऱ्याला दिसणारे ठळक बिंदू आणि फोनमधील गतिसंवेदकांची माहिती यांचा सतत मेळ घातला जातो. तिसरीत उपग्रहाधारित स्थाननिश्चिती वापरली जाते. पाठ्यपुस्तकासाठी पहिली पद्धत सोयीची ठरते. उद्यान किंवा किल्ल्यासारख्या खुल्या जागेसाठी तिसरी वापरता येते, परंतु तिच्यात काही मीटरचा फरक पडू शकतो.

गुरुग्राम आणि परिसर

दिल्लीतील तीन मूर्ती परिसरात १४ एप्रिल २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते उद्घाटन झालेले प्रधानमंत्री संग्रहालय हे या क्षेत्रातील ठळक उदाहरण आहे. ४३ दालनांच्या या संग्रहालयात होलोग्राम, आभासी वास्तव, संवर्धित वास्तव आणि स्पर्शपटल यांचा वापर झाला असून, तंत्रज्ञानाच्या कामात गुरुग्रामस्थित ‘टॅगबिन’ या कंपनीचा सहभाग होता. कागदपत्रे आणि छायाचित्रांच्या काचपेट्यांपुरते मर्यादित न राहता प्रेक्षकाला प्रसंगात सामील करून घेणे, हा या मांडणीचा हेतू होता.

निसर्गशिक्षणासाठीही गुरुग्रामच्या परिसरात भरपूर सामग्री आहे. सुलतानपूर राष्ट्रीय उद्यानाला २०२१ मध्ये रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात येथे स्थलांतरित पक्षी उतरतात. पावसाळ्याच्या काळात मात्र उद्यान पर्यटकांसाठी बंद ठेवले जाते. सुमारे ३९० एकरांवरील अरवली जैवविविधता उद्यान २०२२ मध्ये देशातील पहिले ‘ओईसीएम’, म्हणजे संरक्षित क्षेत्राबाहेरचे प्रभावी संवर्धन स्थळ, म्हणून जाहीर झाले. एकेकाळी दगडखाणींनी पोखरलेल्या या जमिनीवर नागरिकांच्या पुढाकाराने स्थानिक झाडे पुन्हा लावण्यात आली.

संवर्धित वास्तवाचे वेगळेपण अशा ठिकाणी स्पष्ट होते. आज झाडीने झाकलेल्या उतारावर उभे राहून तेथील जुनी खाण पडद्यावर पाहता येऊ शकते. एकाच जागेच्या दोन काळांची अशी तुलना छापील फलक किंवा चित्रफीत इतक्या थेटपणे करू शकत नाही. वारसास्थळी त्याचा आणखी एक लाभ असतो : मूळ वास्तूला धक्का न लावता माहिती देता येते. केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटर क्षेत्र नियंत्रित आहे. आभासी पुनर्रचनेसाठी भिंतीत खिळाही ठोकावा लागत नाही.

महाराष्ट्राचा संदर्भ

छापील पुस्तकाला मोबाइलची जोड देण्याचा महत्त्वाचा प्रयोग महाराष्ट्रात झाला. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापून त्यामागे मराठीसह मुलांच्या भाषेतील ध्वनी-चित्रफिती दिल्या. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ही पद्धत स्वीकारली गेली. डिसले यांना २०२० चा ‘ग्लोबल टीचर’ पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरच्या रकमेतील निम्मा वाटा त्यांनी अंतिम फेरीतील अन्य शिक्षकांना दिला. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनेही ‘ई-पाठशाला एआर’ हे ॲप आणले.

‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ किल्ल्यांचा जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांपैकी ११ महाराष्ट्रात, तर जिंजी तामिळनाडूत आहे. पडझड झालेल्या या दुर्गांची मूळ रचना दाखवण्यासाठी संवर्धित वास्तव उपयुक्त ठरू शकते. मात्र, ज्या भागाचे अवशेष किंवा लेखी पुरावे नाहीत, तो ठाम स्वरूपात दाखवला गेल्यास कल्पना इतिहास म्हणून रुजण्याचा धोका असतो. म्हणूनच पुराव्यावर आधारलेला भाग आणि अनुमान वेगळ्या रंगात दाखवण्याची पद्धत अभ्यासकांमध्ये मान्य आहे.

फोन कोणाच्या हातात?

‘असर २०२४’ या ग्रामीण सर्वेक्षणानुसार १४ ते १६ वयोगटातील सुमारे ८९ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. सर्वेक्षणाआधीच्या आठवड्यात ५७ टक्के मुलांनी त्याचा वापर शिक्षणाशी संबंधित कामासाठी केला, तर ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. केंद्राच्या ‘यूडायस प्लस’च्या २०२३-२४ च्या आकडेवारीत इंटरनेट असलेल्या शाळांचे प्रमाण ५३.९ टक्के होते. घरात फोन असला तरी तो मुलाच्या हाती असेलच असे नाही. शिवाय स्वस्त फोनमध्ये आवश्यक संवेदक नसल्यास त्रिमितीय अनुभव चालत नाही. शिक्षकाच्या एका उपकरणावर संपूर्ण वर्गाला पाहता येईल, आधी उतरवून घेऊन इंटरनेटविना चालेल, अशी रचना त्यामुळे गरजेची ठरते.

हे तंत्र कॅमेऱ्यावर चालते आणि अनेकदा स्थानाची माहितीही मागते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक ठरते. तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेणे बंधनकारक असून, वर्तनाचा मागोवा घेण्यास आणि लक्ष्यित जाहिरातींना मनाई आहे. शैक्षणिक संस्थांना नियमांत मर्यादित सवलती आहेत. मुलांविषयीच्या तरतुदींचा भंग झाल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

सर्वांत मोठा प्रश्न टिकाऊपणाचा

मेटा कंपनीने ‘मेटा स्पार्क’ हा मंच १४ जानेवारी २०२५ रोजी बंद केला. बाहेरील कलावंत व संस्थांनी त्यावर तयार केलेले अनुभव त्याच वेळी फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरून नाहीसे झाले. शाळांसाठीचे ‘गुगल एक्स्पिडिशन्स’ ॲप जून २०२१ मध्ये बंद झाले होते. सार्वजनिक निधीतून तयार झालेला आशय एखाद्या कंपनीच्या व्यावसायिक निर्णयाने पुसला जाऊ शकतो, हे या घटनांनी दाखवून दिले.

यावरील उपाय तांत्रिक आहे, तितकाच कंत्राटाशी निगडित आहे. त्रिमितीय प्रतिकृतींसाठी ‘जीएलटीएफ’ हे खुले मानक उपलब्ध असून, त्याला २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. स्टुडिओने केवळ ॲप सोपवण्याऐवजी मूळ प्रतिकृती, छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे आणि संदर्भटिपा खुल्या स्वरूपात संग्रहालयाच्या ताब्यात द्याव्यात, देखभालीचा कालावधी व खर्च करारात नोंदवावा, अशी अट घातल्यास मंच बदलला तरी आशय नव्याने वापरता येतो.

केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये ॲनिमेशन, गेमिंग आणि विस्तारित वास्तव क्षेत्रासाठी मुंबईत राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्र उभारण्यास मंजुरी दिली असून, ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज’ या नावाने ते आकारास आले आहे. या क्षेत्रासाठी कुशल मनुष्यबळ घडवणे हे त्याच्या उद्दिष्टांपैकी एक आहे.